इंग्रजी शब्द वाढवताना शब्दकोश आणि फोन यांचा उपयोग नेमका कसा करावा?

निशिगंध (मूळ लेखन)

बारावीपर्यंत माझे सगळे शिक्षण मराठी माध्यमात झाले. पुढे लातूरला औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेला प्रवेश घेतला आणि पहिल्याच प्रात्यक्षिकाच्या तासाला 'सोल्यूशन' या शब्दापाशी अडले. माझ्याकडच्या खिशात मावणाऱ्या इंग्रजी-मराठी कोशात त्या शब्दापुढे 'उत्तर, उकल, तोडगा' असे अर्थ छापलेले होते. 'द्रावण' हा अर्थ पुढच्या ओळीत होता आणि घाईत मी तिथपर्यंत वाचलेच नाही. वास्तविक द्रावण, द्राव्य, द्रावक यांच्या व्याख्या मला शाळेपासून पाठ होत्या. क्षार कशाला म्हणतात, आम्लारी कशाला म्हणतात, हेही नीट ठाऊक होते. फक्त 'सॉल्ट' म्हटले की मीठ आणि 'बेस' म्हटले की पाया एवढेच डोळ्यांपुढे यायचे. विषय येत असूनही त्या दिवशी चंचुपात्र हातात धरून मी शेजारणीच्या वहीत पाहत उभी राहिले, हे आजही आठवते.

आता औषधांच्या दुकानातले काम संपल्यावर संध्याकाळी आमच्या तालुक्याच्या वाचनालयातील अभ्यासिकेत मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना मी इंग्रजीसाठी मदत करते. आमच्या वेळेपेक्षा कितीतरी चांगली साधने त्यांच्या हातात आहेत, तरीही 'शब्द पाहतो, पण राहत नाहीत' ही त्यांची तक्रार कायम आहे. त्यासाठी हा धागा.

माझे म्हणणे असे, की शब्द एकटा शिकता येत नाही. तो ज्या शब्दांच्या सोबतीने येतो, त्या सोबतीसकटच तो घ्यावा लागतो. 'ॲडमिनिस्टर' म्हणजे कारभार चालवणे, पण त्याच्या पुढे औषधाचे नाव आले की त्याचा अर्थ 'रुग्णाला औषध देणे' असा होतो. 'ॲड्रेस' म्हणजे पत्ता हे पाचवीतल्या मुलालाही माहीत असते, पण बातमीत 'ॲड्रेस द प्रॉब्लेम' आले की पदवीधरही थबकतो. अभ्यासिकेतल्या एका मुलीने आजीच्या तपासणीच्या कागदावर 'युरिन कल्चर' असे वाचून मला विचारले होते, की इथे संस्कृतीचा संबंध काय? तिने फोनवर शब्दावर बोट ठेवले होते आणि भाषांतराच्या साधनाने तिच्यापुढे तो एकच अर्थ ठेवला होता. नमुन्यातील जिवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीलाही हाच शब्द आहे आणि शब्दकोशाच्या नोंदीत तो अर्थ वेगळा क्रमांक देऊन सांगितलेला असतो. भाषांतराच्या साधनाने वेळ वाचतो हे खरे, पण ते पूर्ण नोंद दाखवत नाही आणि शिकणाऱ्याला तर नोंदच हवी असते.

म्हणून मी मुलांना शिकणाऱ्यांसाठी तयार केलेल्या इंग्रजी-इंग्रजी कोशांकडे वळवते. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्यासाठीच्या कोशांपेक्षा हे वेगळे असतात. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगालमधल्या मुलांना इंग्रजी वाचताना काय अडते, याचा त्यांनी अभ्यास केला आणि पुढे १९३५ साली एका सहकाऱ्यासह असा कोश काढला, की ज्यातील सुमारे २४,००० नोंदींचे अर्थ अवघ्या १,४९० सोप्या शब्दांत सांगितलेले होते. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असत. त्यांचा कोश १९४२ साली टोकियोत निघाला, १९४८ साली ऑक्सफर्डने तो पुन्हा छापला आणि आजची ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी ही त्याचीच पुढची पिढी होय. १९७८ च्या लाँगमनच्या कोशाने अर्थ सांगण्यासाठी सुमारे २,००० शब्दांची मर्यादा घालून घेतली. याचा व्यवहारातला अर्थ फार दिलासा देणारा आहे : तेवढे दोन हजार शब्द पक्के असतील, तर त्या कोशातील बहुतेक कोणतीही नोंद मराठीच्या आधाराविना वाचता येते. १९८७ च्या कोबिल्ड या कोशाने तर व्याख्या पूर्ण वाक्यांत लिहिल्या, त्यामुळे शब्द वाक्यात कसा बसतो तेही व्याख्येतच दिसते.

यांतील बहुतेक कोश आज संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. माझ्या मुलांचा क्रम असा असतो : अडलेल्या शब्दाचे वाक्य आधी पूर्ण वाचायचे, शब्द नाम आहे की क्रियापद ते ठरवायचे, मनात अंदाज बांधायचा आणि मगच कोश उघडायचा. नोंदीतील कोणता अर्थ आपल्या वाक्यात बसतो तो शोधायचा, त्याखालची दोन उदाहरणे मोठ्याने वाचायची, आणि शेवटी मराठी अर्थ पाहून खात्री करायची. त्यानंतर उजळणीसाठी एक पत्ता, म्हणजे दोन्ही बाजूंनी लिहिलेले छोटे कार्ड, तयार करायचा, मग तो जाड कागदाचा असो किंवा फोनमधला. नमुन्यादाखल एका मुलाचा पत्ता सांगते. पुढच्या बाजूला 'द पेशंट वॉज ... टू टेक द इंजेक्शन' असे मोकळ्या जागेसह वाक्य. मागच्या बाजूला 'रिलक्टंट' हा शब्द, दुसऱ्या अवयवाखाली, म्हणजे 'लक' या उच्चाराच्या तुकड्याखाली, रेघ (कारण उच्चारातील जोर तिथे आहे), मराठीत 'मनातून तयार नसलेला', आणि खाली त्याने स्वतः लिहिलेली ओळ : 'नकार दिला असेलच असे नाही.' ही शेवटची ओळ कोणत्याही तयार यादीत सापडत नाही. ती त्याने चार उदाहरणे वाचून काढली होती.

आपण काय करता, आपले काय चुकले, काय साधले, ते अवश्य लिहावे.

सह्यकडा

धागा आवडला. सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी बावीस वर्षे इंग्रजी शिकवतो आहे. आपल्या क्रमात मराठीला शेवटचे स्थान आहे, त्याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. 'टॅमरिंड' या शब्दाची इंग्रजी व्याख्या उष्ण प्रदेशातील झाड, त्याच्या शेंगा, त्यातील आंबट गर अशी वळणे घेत जाते. मराठी कोश 'चिंच' म्हणतो आणि मुलाच्या तोंडाला पाणी सुटते. जी वस्तू, प्राणी, झाड किंवा नाते मुलाने पाहिलेले आहे, तिथे मातृभाषेतला शब्द देणे हाच सर्वात जवळचा आणि सर्वात पक्का मार्ग आहे. नववीतल्या मुलाला प्रत्येक शब्दासाठी इंग्रजी व्याख्येतून जायला लावले, तर तो कोशच मिटून ठेवतो. हे मी वर्गात अनेकदा पाहिले आहे.

दुसरी गोष्ट छापील कोशाची. आमच्या वर्गात आठ मुलांमागे एक कोश आहे. पानाच्या डोक्यावर त्या पानावरील पहिला आणि शेवटचा शब्द छापलेला असतो, त्यावरून पान कसे गाठायचे, हे शिकवायला मी जूनमधले चार तास राखून ठेवतो. तरीही मुले 'वेंट' शोधत बसतात आणि 'कोशात शब्दच नाही' म्हणतात, कारण मूळ रूप 'गो' आहे, हे त्यांना जाणवलेले नसते. फोनवर 'वेंट' लिहिले की साधन आपणच 'गो'कडे नेते आणि मुलाला वाटेतले काही कळत नाही. मूळ रूप ओळखण्याची सवय छापील कोशाने लागते, असे माझे मत आहे. शिवाय 'डिसाइड' पाहताना त्याच पानावर 'डिसिजन' आणि 'डिसायसिव्ह' दिसतात, म्हणजे एका शब्दाबरोबर त्याचे घरही कळते.

निशिगंध

सर, चिंचेचे उदाहरण पूर्णपणे मान्य आहे आणि नामांच्या बाबतीत माझा क्रम मी यापुढे बदलीन. क्रियापदांबाबत मात्र माझा आग्रह राहील. आपल्या 'ऐकणे' या एकाच क्रियापदात 'हिअर' आणि 'लिसन' दोन्ही येतात. 'पाहणे' म्हटले की 'सी', 'लुक' आणि 'वॉच' तिन्ही येतात. उसने देणे आणि उसने घेणे यांत आपण फक्त क्रियापद बदलतो, तर इंग्रजीत 'लेंड' आणि 'बॉरो' हे दोन वेगळे शब्द आहेत आणि 'बॉरो मी युअर पेन' असे आमच्या अभ्यासिकेत रोज ऐकू येते. इथे मराठी अर्थ बरोबर असूनही वाक्य चुकते. 'डिस्कस अबाउट' हीही तशीच चूक : आपण 'एखाद्या विषयाबद्दल चर्चा' करतो, म्हणून ते 'बद्दल' इंग्रजीतही जाते. शिकणाऱ्यांच्या कोशात 'डिस्कस'नंतर थेट कर्म दाखवलेले असते, आणि तेवढी ओळ पाहिली तर चूक सुटते.

जुनी पाने

आपण दोघेही इंग्रजीकडून मराठीकडे येणाऱ्या वाटेबद्दल लिहीत आहात. लिहिताना आणि बोलताना आपल्याला उलट वाट लागते, आणि तिथे आपली परंपरा फार समृद्ध आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. थॉमस कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक डिजिटल ग्रंथालयात मोल्सवर्थ आणि वझे यांचे मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे सारे विनामूल्य शोधता येतात.

उलट वाटेवर काय होते, ते 'लागणे' या क्रियापदावरून पाहावे. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, वेड लागते, दार लागते, निकाल लागतो, आणि ती माझी आत्या लागते. यांतील प्रत्येकाला इंग्रजीत वेगळे क्रियापद आहे, काही ठिकाणी तर क्रियापदाऐवजी विशेषणच आहे, कारण भूक लागली की इंग्रज माणूस 'आय ॲम हंग्री' म्हणतो. 'लागणे'चा इंग्रजी अर्थ कोणता, हा प्रश्नच चुकीचा आहे. 'वेळ लागणे'चा कोणता, असे विचारावे लागते आणि मग 'टेक' हाती येते. निशिगंध यांनी सोबतीचा जो मुद्दा मांडला, तो मराठी बाजूनेही तितकाच खरा आहे.

एक सावधगिरी मात्र सांगतो. मोल्सवर्थमधील इंग्रजी एकोणिसाव्या शतकातले आहे, त्यामुळे तिथे सापडलेला शब्द आजच्या शिकणाऱ्यांच्या कोशात तपासूनच अर्जात किंवा निबंधात वापरावा. पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. निशिगंध यांच्या पहिल्या तासाला असा एखादा शास्त्रीय कोश हाताशी असता, तर 'सोल्यूशन'पुढे 'द्रावण' लगेच दिसले असते.

मध्यरात्रीचा दिवा

मी पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे. माझी चूक सांगतो, म्हणजे इतरांची टळेल. दोन वर्षांपूर्वी मी आन्की हे विनामूल्य साधन फोनमध्ये घेतले, कोणीतरी तयार केलेला हजारो शब्दांचा संच त्यात भरला आणि रोज वीस नवे शब्द ठरवले. हे साधन जो शब्द आठवतो तो अधिकाधिक दिवसांनी आणि जो चुकतो तो लगेच पुन्हा विचारते. पहिला आठवडा उत्तम गेला. महिन्याभरात रोजची उजळणी दोनशे पत्त्यांच्या आसपास पोहोचली. दिवाळीला चार दिवस गावी गेलो, परत आलो तेव्हा साचलेल्या पत्त्यांचा आकडा पाहून साधन उघडायचेच बंद केले. जे शब्द 'पाठ' झाले होते, तेही मुलाखतीच्या सरावात एकदाही तोंडात आले नाहीत. उजळणीची ही पद्धतच चुकीची आहे का?

निशिगंध

पद्धत चुकीची नाही, असे मला मनापासून वाटते. आपण काही काळाने विसरतो आणि विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वाधिक असतो, हे हरमन एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते. १९७० च्या दशकात सेबास्टियन लाइटनर यांनी त्यावर डब्यांची युक्ती लोकप्रिय केली : उत्तर बरोबर आले की पत्ता पुढच्या कप्प्यात आणि चुकले की पुन्हा पहिल्या कप्प्यात, मागचे कप्पे क्वचित उघडायचे. २००६ साली आलेले आन्की हेच काम फोनमध्ये हिशेबाने करते. आमच्या अभ्यासिकेत ज्यांच्याकडे फोन नाही, ती मुले बुटाच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करतात आणि त्यांचे काम अडत नाही.

आपल्याकडे दोन गोष्टी घडल्या असाव्यात. पहिली म्हणजे शब्द दुसऱ्याचे होते. जो शब्द आपल्याला एखाद्या वाक्यात भेटला नाही, त्याचा पत्ता निर्जीव असतो. दुसरी म्हणजे संख्या. मी मुलांना रोज पाचच्या वर नवे शब्द घेऊ देत नाही आणि परीक्षेच्या आठवड्यात एकही नाही. साचलेला संच पुसून टाका, वाईट वाटू देऊ नका. संपादकीय वाचताना जे अडतील त्यांतले रोज तीन घ्या. कोणते घ्यावेत याला आधार हवा असेल, तर ऑक्सफर्डने निवडलेल्या तीन हजार आणि पाच हजार शब्दांवर कोशात खूण असते आणि ए१ (अगदी सुरुवातीची), बी२ (मध्यमाच्या वरची) अशी पातळीही दिलेली असते. उच्च शिक्षणाच्या वाचनासाठी ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली काढलेली ५७० शब्दकुलांची (एका मूळ शब्दाच्या सगळ्या रूपांच्या गटांची) यादी उपयुक्त आहे. खुणेचा शब्द अडला तर पत्ता करायचा, खूण नसलेला दुर्मीळ शब्द अडला तर अर्थ पाहून पुढे जायचे, एवढ्या एका नियमाने निम्मे ओझे उतरते.

दूरदेशी

मी इंग्लंडमध्ये रुग्णालयात परिचारिका आहे, मूळची कोल्हापूरची. इथे येण्याआधी माझा शब्दसंग्रह चांगला होता, परीक्षेत गुणही चांगले मिळाले होते, पण पहिले काही आठवडे माझे शब्द समोरच्याला कळत नव्हते. कारण जोर. मराठीत कोणत्या अवयवावर जोर दिला याने अर्थ बदलत नाही, म्हणून आपण सगळे अवयव सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत 'फोटोग्राफ'चा जोर पहिल्या अवयवावर, 'फोटोग्राफी'चा दुसऱ्यावर आणि 'फोटोग्राफिक'चा तिसऱ्यावर आहे. तो चुकला की ऐकणाऱ्याला शब्दच ओळखू येत नाही. कोशात उच्चाराच्या ओळीत एक छोटी उभी रेघ असते, तिच्या नंतरच्या अवयवावर जोर द्यायचा, एवढे मला कोणी शाळेत सांगितले असते तर फार बरे झाले असते. आता कोशाच्या संकेतस्थळावर ब्रिटिश आणि अमेरिकी असे दोन्ही उच्चार ऐकता येतात. मी प्रत्येक शब्द तीनदा ऐकत असे, मग माझा आवाज फोनमध्ये टिपून दोन्ही लागोपाठ ऐकत असे. ऐकताना जी चूक कानाला लागते, ती बोलताना कळत नाही.

आणखी एक. नोंदीत 'ब्रिटिश', 'इन्फॉर्मल', 'ओल्ड फॅशन्ड' अशा तिरक्या अक्षरांतल्या खुणा असतात, त्या कृपया वगळू नयेत. एका वृद्ध रुग्णाने मला 'आय फील पुअरली' असे सांगितले. मला वाटले, ते पैशांची अडचण सांगत आहेत, म्हणून मी सहानुभूतीने मान हलवली. ब्रिटिश बोलीत त्याचा साधा अर्थ 'मला बरे वाटत नाही' असा आहे. सुदैवाने शेजारच्या सहकारी बाईंनी ऐकले आणि रुग्णाचा ताप तपासला गेला. त्या रात्री घरी येऊन कोश उघडला, तर ती नोंद 'ब्रिटिश' या खुणेसह तिथे होतीच.

प्रकाशवाट

आता संवाद साधणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. त्यांना मराठीतून विचारले तरी ती दोन शब्दांमधला फरक समजावून सांगतात, दहा उदाहरणे देतात, आपले वाक्य दुरुस्त करतात. मग एवढी नोंद वाचण्याची मेहनत नव्या पिढीने का घ्यावी?

सह्यकडा

मी ही साधने वर्गासाठी वापरतो आणि एका कामात ती मला फार मोलाची वाटतात : मुलाने स्वतः लिहिलेले वाक्य देऊन 'यातला कोणता भाग इंग्रजीत असा म्हणत नाहीत?' असे विचारायचे. तिथे छापील कोश उत्तर देऊ शकत नाही. परंतु त्यांचे उत्तर चुकले तरी बरोबर उत्तराइतक्याच ठामपणे येते, आणि ज्याला शब्द येत नाही त्यालाच तो फरक कळत नाही. कोशातील नोंद संपादकांनी तपासलेली असते. म्हणून माझ्या वर्गात साधनाने सुचवलेला शब्द मुलाने कोशात दाखवावा लागतो. त्याशिवाय तो वहीत लिहायचा नाही. यात मुलाची एक-दोन मिनिटे जातात, आणि शब्द लक्षात राहण्याचे बरेचसे काम त्याच वेळात होते.

अबोली

मी अकोल्याची गृहिणी आहे. दहावीनंतर इंग्रजीशी संबंध उरला नाही. मुलगी परदेशी आहे, जावई अमराठी आहेत. आपण सर्वांनी लिहिलेले वाचले, पण मला रोज इंग्रजी वाचायला मिळतच नाही. मी कुठून सुरुवात करावी?

निशिगंध

ताई, आपल्या घरात इंग्रजी आहेच. विजेचे बिल, औषधाची पट्टी, गॅसची पावती, पिठाची पिशवी यांवरचा एकच शब्द घ्या, पूर्वीपासून ओळखीचा असेल तर अधिक उत्तम. तो शिकणाऱ्यांच्या कोशात शोधा, त्याचे आपल्याला माहीत नसलेले अर्थ पाहा, आणि मुलीला आवाजी निरोपात त्या शब्दाचे एक वाक्य पाठवा. केंब्रिजच्या संकेतस्थळावर इंग्रजी-मराठी कोशही आहे, त्यामुळे मराठी अर्थाचा आधार तिथेच मिळेल. आठवड्याला तीन शब्द पुरेत.

अबोली

आठवडा झाला, म्हणून लिहिते. पहिला शब्द विजेच्या बिलावरचा 'ड्यू डेट' यातला 'ड्यू' घेतला. एवढी वर्षे मला वाटत होते, की 'ड्यू' म्हणजे थकबाकी. कोशात पाहिले तर 'ड्यू टू रेन' म्हणजे पावसामुळे, आणि बाळ कधी होणार हे सांगायलाही हाच शब्द. माझ्या मुलीला मार्चमध्ये बाळ होणार आहे. जावयांना आवाजी निरोप पाठवला, 'द बेबी इज ड्यू इन मार्च', आणि त्यांनी लगेच फोन केला. अर्धा तास बोललो, मध्ये मुलीने सांगायची गरज दोनदाच पडली. आता पत्त्यावर लिहिते आहे, तर एक शंका आहे : 'द बस इज ड्यू ॲट फाइव्ह' हे वाक्य कोशात आहे, तो बाळाचाच अर्थ धरायचा की वेगळा पत्ता करायचा?

निशिगंध

तोच अर्थ आहे, ताई. ठरलेल्या वेळी येणे अपेक्षित असलेले, मग ती बस असो, बाळ असो किंवा बिलाचे पैसे असोत. तिन्ही वाक्ये एकाच पत्त्यावर लिहा आणि 'ड्यू टू'चा पत्ता वेगळा करा.